चेहरा साफ करून मिळेल

फोटोग्राफर माणूस दिवसभर काळ्या फडक्याखाली तोंड घालून उभा असतो. तिथं बोलायची सोय नाही. त्यामुळे फडक्याबाहेर आला की तो बोलत सुटतो. असे नऊजण महिन्यातून एकदा एका खोलीत बसवले तर किस्से किती साठत असतील, याचा विचार करा! आमच्या मंडळाची इतिवृत्ताची वही चार पानांत संपली. किस्से मात्र अजून संपत नाहीत.

लोक विचारतात, "अहो नाना, फोटोग्राफरांना मंडळ कशाला हवं?" मी एखादा किस्सा सांगतो, ते हसतात, विषय मिटतो. पण खरं सांगू का? हे किस्से घडत होते तेव्हा आम्हाला हसू येत नव्हतं. आमच्या तोंडाचा आ व्हायचा! आणि त्यातला एक असा आहे, की तो आठवला की अजूनही होतो.

*

मंडळ निघालं ते दुसऱ्या महायुद्धामुळे. बोटी बंद झाल्या, म्हणून विलायती प्लेटी बंद झाल्या. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटीवर निघायचा. प्लेट नाही म्हणजे फोटो नाही, आणि फोटो नाही म्हणजे आम्ही घरी बसायचं. सातारा इंग्रजांच्या मुलखात आणि सांगली संस्थानात, पण टंचाई दोन्हीकडे सारखीच. एकट्यानं मुंबईला अर्ज केला तर उत्तरच येत नसे. मंडळाच्या शिक्क्यानं केला तर निदान 'नाही' असं उत्तर तरी येई!

साताऱ्याला माझ्या स्टुडिओत पहिली बैठक झाली. सांगलीचे दादासाहेब अध्यक्ष झाले. वयानं सगळ्यांत मोठे, आणि मिशा वयाहून मोठ्या. बैठक संपल्यावर ते म्हणाले, "ऐतिहासिक प्रसंग आहे. ग्रुप फोटो झालाच पाहिजे!"

झाला पाहिजे खरा, पण काढणार कोण? नऊही जणांना फोटोत यायचं होतं. शेवटी दारातल्या टांगेवाल्याला बोलावलं. मी सगळं लावून दिलं आणि त्याला समजावलं, "हे बघ, आम्ही 'हं' म्हटलं की ही लेन्सवरची टोपी काढायची, तीन आकडे मोजायचे, आणि टोपी परत बसवायची. बस्स!"

आम्ही ओळीत बसलो. दादासाहेबांनी मिशा सारख्या केल्या आणि सवयीनं हुकूम सोडला, "कुणी हलायचं नाही. बोलायचं नाही. हं!"

टांगेवाल्यानं टोपी काढली. आणि एवढी मोठी माणसं बसलीत कशी, ते नीट बघावं म्हणून कॅमेऱ्याच्या पुढं येऊन आमच्याकडे तोंड करून उभा राहिला! एक... दोन... तीन... अगदी सावकाश मोजले त्यानं.

नऊजण ते उघड्या डोळ्यांनी बघत होतो. एकजण हलला नाही. एकजण बोलला नाही. फोटो निघत असताना हलायचं नसतं ना!

मंडळाच्या स्थापनेचा तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात एका टांगेवाल्याची पाठ आहे.

*

दुसऱ्या बैठकीत आम्ही नियम करत बसलो होतो. दादासाहेब सांगत होते आणि मी लिहीत होतो. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, पाय धुळीनं भरलेले, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"फोटूवालं हितंच जमत्यात न्हवं?"

"हो. या, बसा बाई," मी म्हणालो.

"बसाया न्हाई आले. माझा ल्योक बदलून द्या."

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तिनं फडकं सोडलं. आत फोटो होता. राजवाडा रंगवलेल्या पडद्यापुढं एक तरुण उभा, अंगात कोट, एक हात स्टुलावर. फोटोच्या पाठीवर माझा शिक्का, प्लेटीचा नंबर आणि नाव.

बाईचं नाव तानूबाई. कुंडलकडची. एकुलता एक महादू युद्धाच्या पहिल्या वर्षी साताऱ्याला येऊन पलटणीत भरती झाला. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं माझ्याकडे फोटो काढला आणि "घरचं कुनीतरी येऊन न्हेतील" म्हणून गेला. भरतीला जाणारे सगळेच असं म्हणत. कुणी आलं नाही. फोटो माझ्या खणात पडून राहिला. मग ब्रह्मदेशातून तो कामी आल्याची तार आली. ती आल्यावर तानूबाईनं भावाला पाठवून फोटो मागवला, आणि आता तो परत घेऊन आली होती.

मी रजिस्टर काढलं. नंबर बरोबर. नाव बरोबर. गाव बरोबर! तिला वाचूनही दाखवलं.

"नाव बरूबर हाय," ती म्हणाली. "मानूस चुकलाय."

दादासाहेबांनी घसा साफ केला. "बाई, तक्रार एका महिन्याच्या आत करायची असते. तसा मंडळाचा नियम आहे." तो नियम होऊन दहा मिनिटं झाली होती. शाईसुद्धा वाळली नव्हती.

"आवं, माझा नवस बारा वर्सांनी फळला. तुमचा म्हैना काय घिऊन बसलाय!"

दादासाहेबांच्या मिशा खाली आल्या. तानूबाईचाही आवाज मग खाली आला.

"दुसरा फोटू न्हाई वो त्येचा. आन् आदी डोळं मिटलं की म्हादू दिसायचा. ह्यो फोटू घरात आल्यापास्नं डोळं मिटलं की ह्योच येऊन उबा ऱ्हातुया. माझा पुसत चाललाय. लवकर हुडका."

फोटो तिनं टेबलावर ठेवला आणि पुढच्या बैठकीला येते म्हणून ती गेली. त्या दिवशी पुढचा एकही नियम झाला नाही.

*

फोटोंची अदलाबदल झाली असणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. आणि शंका नसायला कारण होता आमचा कोट!

युद्धात कापडाचीही टंचाई. त्यामुळे मंडळ निघायच्या आधीपासूनच आम्हा सगळ्यांत चांगला कोट एकच उरला होता. तो सर्व्हिस मोटारीनं गावोगाव फिरायचा. सोमवारी वाई, मंगळवारी सातारा, बुधवारी कऱ्हाड, शुक्रवारी सांगली. बारक्याला आणि जाड्याला, दोघांनाही बसावा म्हणून तो पाठीत वरपासून खालपर्यंत उभा फाडलेला होता. गिऱ्हाइकानं पुढून हात घालायचे, मागून आम्ही टाचण्या लावायच्या. फोटोत अगदी बॅरिस्टर!

एकदा सांगलीला दादासाहेबांच्या स्टुडिओत हळदीच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा लग्नासाठी फोटो काढायला आला. कोट चढवला, अत्तर लावलं, मान ताठ केली. आणि नेमके त्याच वेळी मुलीचे वडील आत आले. पोरगा संस्कारी. चटकन पुढं झाला आणि पाया पडायला वाकला.

टाचण्या तटातट उडाल्या! कोट दोन्ही बाजूंना पडला आणि मधून त्याची बनियन दिसायला लागली, तीही फाटकी. मुलीचे वडील थक्क! "अहो, कोटाची पाठ कुठं गेली?"

दादासाहेब शांतपणे म्हणाले, "फोटो पुढूनच निघतो."

तर सांगायचं काय, की जिल्ह्यातल्या भरतीवाल्या प्रत्येक पोराच्या अंगावर तोच कोट होता, आणि सगळ्यांच्या प्लेटी कामाला सांगलीला एकाच ठिकाणी जात. आम्ही सगळ्या सभासदांना कार्डं टाकली, 'कुंडलच्या बाईंचा मुलगा चुकून आपल्याकडे आला आहे काय?' उत्तरादाखल अकरा फोटो आले. ते मी टेबलावर ओळीनं मांडले आणि मला घामच फुटला. अकराही जणांचा कोट तोच, हात स्टुलावर तसाच. पाठीवरचा शिक्का बघितल्याशिवाय यांतले माझे कुठले, हे माझं मलाच ओळखता येईना!

पुढच्या बैठकीला तानूबाई आली. एकेक फोटो हातात घेऊन उजेडाला नेऊन तिनं बघितला. अकरा बघून झाले.

"ह्यात न्हाई."

ती फोटो गोळा करायला लागली आणि मध्येच थांबली.

"ह्ये समदे लढाईवर गेल्यालं?"

"हो."

"मग ह्येंचं फोटू अजून तुमच्याकडंच कसं? ह्येंच्या आयास्नी ठावं न्हाई व्हय?"

आम्ही कधी कुणाला कळवलंच नव्हतं. त्याच दिवशी मी अकरा गावांना अकरा कार्डं लिहिली. मंडळानं काय काम केलं असं कुणी विचारलं तर मी हे एक सांगतो.

*

आता इब्राहिमभाईंबद्दल सांगायला हवं. ते आमचे रिटचिंगवाले. सांगलीत राहायचे, पण सगळ्या मंडळाच्या प्लेटी त्यांच्याकडे जायच्या. खिडकीपाशी प्लेट तिरकी लावून, सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं ते निगेटिव्हवर बारीक बारीक रेघा भरत. सुरकुती गेली, मस गेला, देवीचे वण गेले! माझ्या दारावर बोर्डच होता, 'चेहरा साफ करून मिळेल.' हात इतका साफ, की मंडळानं आपलं पहिलं आणि शेवटचं पदक त्यांनाच दिलं.

तर एकदा दादासाहेबांकडे एक पैलवान फोटो काढून गेला. मोठमोठी मैदानं मारलेला गडी. प्लेट इब्राहिमभाईंकडे गेली, साफ होऊन आली, फोटो तयार झाला. पैलवान फोटो न्यायला आला, त्यानं तो बघितला आणि असा काही ओरडला की शेजारचा शिंपी मशीन सोडून धावत आला.

"माझं कान कुठं हायती?"

कान होते हो! दोन होते, गोल, मऊ, एखाद्या मामलेदाराला शोभतील असे. पण पैलवानाचे कान मातीत घासून घासून चेंबलेले असतात आणि तीच त्याची शान असते, हे इब्राहिमभाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी बिचाऱ्यांनी जीव लावून सरळ केले होते.

"बारा वर्सं तालमीत लोळलो रं ह्या कानासाठनं! आन् तू पेन्सिलीनं सरळ केलंस?" पैलवानानं तिथंच खिडकीपाशी बसलेल्या इब्राहिमभाईंना मनगटाला धरून उभं केलं.

इब्राहिमभाई म्हणाले, "पैलवान, हात सोडा. तुमचे कान त्याच हातात आहेत."

हात सुटला. इब्राहिमभाईंनी प्लेट घेतली, टर्पेंटाइनचा बोळा एकदा फिरवला. पेन्सिल निघून गेली आणि चेंबलेले कान जसेच्या तसे परत आले! पैलवानानं त्या प्लेटीलाच नमस्कार केला.

*

बेचाळीसनंतरचे ते दिवस. भूमिगत झालेल्यांच्या शोधात पोलीस गावोगाव फिरत होते. एक दिवस एक फौजदार माझ्या स्टुडिओत घुसला आणि त्यानं टेबलावर फोटो आपटला. "हा तुम्ही काढला?"

शिक्का माझाच होता. नाही कसं म्हणणार? "हो साहेब."

फोटोतला माणूस भूमिगत होता; त्याच्या घरच्या भिंतीवरनं फौजदारानं तो काढून नेला होता आणि दोन महिने तो घेऊन तालुका पालथा घातला होता. जो तो फोटो बघे आणि मान हलवे. "न्हाई बा, ह्येला कवा बघितला न्हाई." फौजदाराला वाटलं, सगळे खोटं बोलताहेत. चौघांना तर त्यानं चावडीवर नेऊन बसवलं. ते बिचारे खरंच ओळखत नव्हते!

मग रहिमतपूरच्या बाजारात शेंगा विकत बसलेल्या एकाला त्यानं फोटो दाखवला. त्या गड्यानं फोटो हातात घेतला, लांबून बघितला, जवळून बघितला, आणि परत दिला.

"न्हाई साहेब. ह्यो आमच्या भागातला वाटत न्हाई. लय गोरागोमटा हाय."

आठ दिवसांनी फौजदाराला कळलं, की शेंगा विकणारा तोच होता!

"त्याच्या नाकाशेजारी बोराएवढा मस आहे!" फौजदार ओरडला. "गालभर देवीचे वण आहेत! फोटोत कुठं आहेत ते?"

"काढले, साहेब."

"कुणाच्या परवानगीनं?"

मी दारावरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. फौजदारानं तो वाचला. परत एकदा वाचला. आणि फोटो तिथंच टाकून तो निघून गेला.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा दादासाहेब हसून हसून खुर्चीवरून खाली यायच्या बेताला आले. "त्यानं स्वतःलाच ओळखलं नाही!" म्हणत टाळ्या पिटत होते. मीही हसत होतो. आणि हसता हसता मला टेबलावरच्या तानूबाईच्या फोटोतला गुळगुळीत गाल दिसला.

"दादासाहेब," मी म्हणालो, "तो तानूबाईचाच मुलगा आहे."

"कोण? शेंगावाला?"

"नाही हो! फोटोतला! फोटो बदललेला नाही. आपणच त्याला पुसलाय."

इब्राहिमभाई कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्याकडे वळलो. "त्या पोराच्या तोंडावर देवीचे वण होते का?"

"नाना, रोज दहा तोंडं हातांखालून जातात," ते म्हणाले. "कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?"

*

पण मला एकदम हुरूप आला होता. पैलवानाचे कान परत आले, मग महादूचे वण का येणार नाहीत? प्लेट काढायची, टर्पेंटाइन फिरवायचं, झालं! मी जुन्या प्लेटींच्या पेट्या उघडल्या. नंबर बघत गेलो आणि त्या नंबरापाशी येऊन थांबलो. ती पेटीच जागेवर नव्हती.

तेव्हा आठवलं. वाईचे गोपाळराव! भिक्षुकाच्या घरातले, घाटावर राहणारे. कॅमेऱ्यालाही सोवळं पाळायला लावतील असे आमचे सभासद. फ्रेमच्या काचा बाजारातून गायब झाल्या म्हणून त्यांनी पहिल्याच बैठकीत ठराव मांडला होता, 'सभासदांनी जुन्या निगेटिव्ह द्याव्यात. त्या धुऊन फ्रेमला काचा कराव्यात.' ठराव एकमतानं पास झाला होता. पहिली पेटी मीच दिली होती. हौसेनं!

मी सकाळची पहिली मोटार धरली आणि वाई गाठली. गोपाळराव अंगणात धुतलेल्या काचा उन्हात वाळवत बसले होते. मी नंबर सांगितला.

"ती पेटी होय? ती केव्हाच झाली."

"झाली म्हणजे?"

"सोड्याच्या कढत पाण्यात दोनदा, नंतर कृष्णेच्या पाण्यात तीनदा." त्यांनी एक काच उचलून माझ्या डोळ्यांपुढं धरली. पलीकडचा घाट लख्ख दिसत होता. "एक डाग सापडायचा नाही, नाना. अगदी निश्चिंत राहा!"

मी तिथंच पायरीवर बसलो. किती जणांना धुतलं होतं आम्ही!

*

पुढच्या बैठकीला तानूबाई आली. कुणी सांगायचं, यावर आधी पाऊण तास वाद झाला होता. शेवटी मीच सांगितलं. "बाई, फोटो तुमच्या मुलाचाच आहे. आम्ही त्याच्या तोंडावरचे देवीचे वण काढले."

तिला समजायला वेळ लागला. मग तिनं फोटो हातात घेतला आणि अंगठा त्या गुळगुळीत गालावरून फिरवला.

"काडलं? का वो?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"कुनाला?"

इतकी वर्षं धंदा करतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

"देवी आल्ती तवा नऊ दीस मांडीवर घिऊन बसले हुते मी त्येला. लिंबाच्या डहाळीनं वारा घालत. देवीनं वण ठिवलं आन् पोरगा परत दिला. आन् तुमी वणच काडलं!" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

कोपऱ्यातून इब्राहिमभाई उठले. इतक्या बैठकांत ते आपणहून पहिल्यांदाच बोलत होते.

"बाई, कुठं कुठं होते ते सांगाल? मी परत काढतो."

आम्ही हादरलोच. प्लेट नाही, म्हणजे जे करायचं ते फोटोवर, ब्रशनं आणि शाईनं. कॉपी करून ठेवावी तर मंडळात एक कोरी प्लेट शिल्लक नव्हती. जगात तेवढा एक कागद! ब्रश जरा घसरला की बाईचा मुलगा कायमचा गेला. आणि इब्राहिमभाईंनी जन्मभर वण पुसले होते, उमटवला एकही नव्हता. दादासाहेब पुटपुटले, "भाई, वेडेपणा करू नका." इब्राहिमभाईंनी ऐकलं नाही.

तानूबाई आपल्या गालावर बोट ठेवून सांगायला लागली आणि गोंधळली. "आरशावानी व्हतंया. उजवं डावं चुकंल."

इब्राहिमभाईंनी चष्मा काढला, तिच्यापुढं स्टुलावर बसले आणि डोळे मिटले. "माझ्या तोंडावर दाखवा."

त्या काळात, त्या मुलखात! परक्या माणसाच्या तोंडाला बाईमाणसानं हात लावायचा! गोपाळरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, ती आता फोटो घेऊन निघून जाणार. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, बोट पदराला पुसलं, आणि ते इब्राहिमभाईंच्या कपाळावर टेकवलं.

"हितं पाच. ह्यो, ह्यो, ह्यो... ह्यो जरा खोल. ह्या गालावर तीन, चुलीच्या धोंड्यागत. त्या गालावर चार. नाकाच्या शेंड्यावर एक, खपली नखानं काडली हुती त्येनं, लय मारला हुता मी. हनवटीला दोन. व्हटापाशी एक, हसला की ह्यो आत जायचा."

सोळा झाले. मी कागदावर लिहून घेतले. इब्राहिमभाईंनी काही लिहिलं नाही. ते फोटो घेऊन सांगलीला गेले.

महिनाभर मी देवाला नवस बोलत होतो. बैठकीच्या दिवशी ते आले आणि फोटो, आम्हाला कुणाला न दाखवता, सरळ तानूबाईच्या हातात दिला. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. त्या कोटात आता कुणीतरी माणूस उभा होता! तानूबाई बघतच राहिली. मी मनात वण मोजायला लागलो. कपाळावर पाच. गालावर तीन, पलीकडे चार. नाक, हनवटी, ओठ. सोळा. आणि डाव्या भुवईवर आणखी एक. गोल नव्हता तो, लांबट होता.

सतरा!

भाईंचा ब्रश घसरला होता! बाईच्या ध्यानात यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी घाईघाईनं खरवडायचा चाकू उचलला. "एक मिनिट द्या बाई, इथं शाईचा थेंब पडलाय. आत्ता काढून देतो!"

तिनं माझं मनगट धरलं. पैलवानाची पकड परवडली असती.

"त्येला हात लावू नगासा," ती म्हणाली. "ते सोळा देवीनं दिल्यालं. ह्यो मी दिल्याला हाय."

माझ्या हातातला चाकू काढून तिनं टेबलावर ठेवला.

"भरतीला जातो म्हनला, तवा. उलथनं फेकून मारलं हुतं मी. रगात पुसत तसाच गेला." मग ती इब्राहिमभाईंकडे वळली. "ह्यो तर मी कुनालाच सांगितला न्हवता, भाई."

इब्राहिमभाईंनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं तो पुसत ते म्हणाले, "ताजी जखम होती, बाई. ती पुसायलाच सगळ्यांत जास्त वेळ लागला होता."